नांदेडचा अंगठा

पायाच्या नखाची बुरशी घालवायला मी वर्गातला लेसर पॉइंटर वापरला.

पॉइंटर म्हणजे तोच, भिंतीवरच्या नकाशावर लाल टिंब पाडून गोदावरी कुठून कुठं जाते ते दाखवायचा. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. मोबाइलवर वाचलं की नखाच्या बुरशीवर हल्ली लेसरनं उपचार करतात. माझ्या कपाटात लेसर होता आणि माझ्या पायाला बुरशी होती. दोन्ही गोष्टी एकाच घरात असताना डॉक्टरकडं कशाला जायचं, असा साधा सरळ विचार मी केला. आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस शेजारच्या खुर्चीवर बसतो. त्याला विचारलं असतं तर चहा संपायच्या आत माझा भ्रम फिटला असता. पण मग त्याच्यासमोर मोजा काढावा लागला असता, आणि तो तर मी बायकोसमोरसुद्धा दिवा घालवल्याशिवाय काढत नव्हतो.

तर रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीआड बसायचं, उजवा पाय उघडा करायचा आणि अंगठ्यावर लाल टिंब धरायचं. आठवडाभरात मला नख जरा उजळ दिसायलाही लागलं. त्याच आठवड्यात ते टिंब शेजाऱ्यांच्या मांजरालाही दिसलं. मांजर टाकीवर बसून माझा उपचार बघत होतं, याची मला कल्पना नव्हती. माझा हात हलला, टिंब हललं, आणि मांजरानं वरून थेट अंगठ्यावर झेप घेतली.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन देणाऱ्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "मांजराला तुम्ही काय केलं होतं?"

"काही नाही."

"काही न करता मांजर अंगठ्याला धरत नाही, सर."

बायको शेजारीच उभी होती. तिनं टाकीपासून मांजरापर्यंत सगळं सविस्तर सांगितलं, त्यात पॉइंटरचे सेल मी दोनदा बदलले हेही सांगितलं. तो तरुण खाली मान घालून सुई भरत होता, पण त्याचे खांदे हलत होते. शेवटी तो म्हणाला, "लातूरला एक बाई आहेत, कातडीच्या डॉक्टर. त्यांच्याकडं खराखुरा लेसर आहे. जा. फक्त बोलणं ऐकून घ्यायची तयारी ठेवा."

ती तयारी कमी पडली.

लातूरला त्यांचा दवाखाना बारदान्याच्या दुकानावर होता. खाली डाळींच्या व्यापाऱ्यांची रिकामी पोती रचलेली, आणि जिना चढताना नाकात तागाचा वास. जिन्याच्या तोंडाशी खडूनं लिहिलेलं होतं, "चपला हातात घेऊन वर यावे." त्यामुळं बाहेरच्या बाकड्यावर बसलेली झाडून सगळी माणसं आपापलं पायताण मांडीवर घेऊन बसलेली. एक वकील होते, काळ्या कोटात, चकचकीत बूट कुशीत धरून. त्यांच्या शेजारी एक म्हातारी टायरच्या सोलाच्या वहाणा धरून. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव, परीक्षेला बसल्याचा. परीक्षा खरोखरच व्हायची. बाई आधी पायताण तपासायच्या, आत बोट घालून ओल बघायच्या, मग पाय. नायलॉनचे मोजे सापडले तर जप्त. बाल्कनीत एक पत्र्याचं पिंप होतं, त्यात सगळ्या मराठवाड्याचे मोजे पडलेले होते. माझेही पहिल्याच दिवशी गेले.

पण खरी तऱ्हा आत होती. तपासायच्या बाकाच्या मधोमध छतापासून हिरवा पडदा सोडलेला, आणि त्या पडद्याला खाली दोन भोकं, काठ व्यवस्थित शिवून घेतलेली. पेशंटनं पायताण पडद्याखालून सरकवायचं, इकडून झोपायचं, पाय भोकांतून पलीकडं घालायचे. बाई पलीकडं स्टुलावर. त्यांना फक्त पाय दिसणार, आपल्याला फक्त छत.

"तोंड तिकडं, पाय इकडं," पडद्याआडून आवाज आला. "आता बोला. मला न्हाई, छताला सांगा."

पुढं कधीतरी मी विचारलं होतं की हा पडदा कशासाठी. मला वाटलं होतं, पेशंट लाजू नयेत म्हणून असेल. बाई म्हणाल्या, "तुमच्या लाजेचं मला काय करायचंय. तोंड बघितलं की मला दया येती. दया आली की मी खोटं बोलते. महिन्यात बरं होईल म्हणून सांगून टाकते. पायाकडं बघून मला खोटं बोलता येत न्हाई." स्वतःवर एवढा कमी विश्वास ठेवणारा डॉक्टर मी तोवर बघितला नव्हता, आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरवर माझा एवढा विश्वास बसला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा अंगठा धरला आणि दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला.

"हे दात कुणाचे?"

"मांजराचे."

"मांजराला अंगठ्यात काय दिसलं?"

छताकडं बघताना माणूस फार खरं बोलतो. मी सगळं सांगितलं. मग बाक हलायला लागला. मला वाटलं, खाली पोत्यांची गाडी आली असेल. गाडी नव्हती. बाई बाकावर डोकं टेकून हसत होत्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'नांदेडचा अंगठा' झालो. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गाव आणि अवयव राहायचा. "कंधारच्या भेगा आत या." "औशाची करंगळी, तुम्ही बसा जरा." इस्लापूरकडचा एक माणूस यायचा, त्याची बोटं कायम ओलसर. त्याला त्या 'धबधबा' म्हणायच्या, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. कुणी लेसरचा फारच हट्ट धरला की पडद्याआडून ऐकू यायचं, "इथली लाइन मोठी हाय. घाई असंल तर नांदेडला एक मांजर करतं, तिकडं जा." आणि मी बाहेर बाकड्यावर बूट मांडीवर घेऊन, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून बसलेला असायचो.

लेसरचं यंत्र कोपऱ्यात होतं. त्याच्यावर क्रोशानं विणलेलं आच्छादन घातलेलं असायचं, आणि दसऱ्याला लावलेलं कुंकू दिवाळीनंतरही त्याच्या कपाळावर असायचं. बाई त्याला 'सून' म्हणायच्या. "सून कामाची हाय, पण सगळं घर तिच्या अंगावर टाकलं तर रुसून बसती." आल्या आल्या सुनेला हात लावू द्यायच्या नाहीत. आधी नख खरवडलं, ती पूड सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, बुरशीच आहे याची खात्री केली. म्हणाल्या, निम्मे लोक ठेच लागलेलं नख घेऊन येतात आणि बुरशी बुरशी म्हणून रडतात. मग गोळ्यांचा विचार केला. पण मला मागच्याच वर्षी कावीळ होऊन गेली होती, ते ऐकून गोळ्या बाजूला ठेवल्या. "आता सुनेला उठवावं लागंल. पण ऐका, छताला बघत ऐका. लेसर नखाला आतून ताप देतो, बुरशीला तो सोसत न्हाई. कधी मरती, कधी अर्धी मरती, कधी हसती. खराब झालेलं नख लेसर काही चांगलं करत न्हाई. नवीन नख मुळातून यायचं अन् जुनं पुढं ढकलत न्यायचं. त्याला वर्ष लागतं, जास्तही लागतं."

"वर्ष?" मी छताला विचारलं. "जरा लवकर नाही का होणार?"

"इल्ला," बाई म्हणाल्या. त्या उदगीरकडच्या. राग आला की त्यांच्या तोंडून कानडी निघायची. "कसली घाई हाय तुम्हाला? नख बघायला कोण येऊन राहिलंय?"

येऊन कोणी राहिलं नव्हतं. मलाच जायचं होतं. देवणीला, सासुरवाडीला, धोंड्याच्या महिन्यात.

इथं माझ्या सासऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. देवणीची जनावरं हे त्यांचं जग. प्रदर्शनात बैल उभा केला की बाकीचे लोक शिंगं बघतात, वशिंड बघतात, आप्पा खाली वाकून खूर बघतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीपेक्षा मलाच जास्त बघण्यात आलं. चहा झाला, पोहे झाले, आणि आप्पा म्हणाले, "जरा अंगणात चालून दाखवा. चप्पल ठेवा." सगळ्या पाहुण्यांसमोर मी अनवाणी अंगणात एक फेरी मारली. आप्पांनी आणखी एक मारायला लावली. मग म्हणाले, "पाय सरळ पडतोय. चालंल." माझं एम. ए., माझी नोकरी, आमचं घराणं, कशाचा उल्लेखसुद्धा झाला नाही. लग्न ठरलं ते निव्वळ पायावर.

आता अशा माणसाला हे पिवळं, जाड, चुरगाळलेल्या पत्र्यासारखं झालेलं नख कुठल्या तोंडानं दाखवायचं? मागच्या अधिक महिन्यात आप्पांनी रीतीप्रमाणे लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पाट मांडला, परात ठेवली, पाणी कोमट करून आणलं. जावयाचे पाय धुवायला ते माझ्यासमोर बसले, आणि मी मोजे काढले नाहीत. म्हणालो, सर्दी आहे, डॉक्टरांनी पाय ओले करू नका म्हणून सांगितलंय. बाहेर कडक ऊन पडलेलं. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग उठले, तांब्या घेऊन गोठ्यात गेले आणि ते कोमट पाणी बैलाच्या पायांवर ओतून आले.

तेव्हापासून त्यांचं माझ्याशी बोलणं बंद. मी समोर असलो तरी लेकीला विचारायचे, "तुझा मालक जेवणार हाय का?" बायकोला दोन्हीकडून ऐकावं लागायचं, म्हणजे तिकडून बापाचं न बोलणं आणि इकडून माझं लंगडं स्पष्टीकरण. "नख दाखवून टाका की एकदाचं," ती म्हणायची. "नीट होऊ दे, मग दाखवतो," मी म्हणायचो. मधल्या काळात आप्पांची तब्येत खालावली, साखर वाढली, चालणं मंदावलं. एकदा ते लेकीला फोनवर म्हणाले, "पुढच्या धोंड्याला मी हाय का न्हाई कोण जाणे. त्या आधी काय चुकलं माझं तेवढं सांगायला सांग मालकाला." त्या संध्याकाळी मी पॉइंटर घेऊन गच्चीवर गेलो होतो.

हे सगळं मी छताला सांगितलं. पुढचा अधिक ज्येष्ठात आहे, तेवढ्यात नख कसंही करून माणसात आणा, म्हणालो.

मग बाईंनी भलतंच विचारलं. "आप्पांना साखर हाय म्हणालात. त्यांचे पाय कुणी बघितलेत?"

"त्यांचे? ते लोकांच्या बैलांचे बघतात."

"ते समजलं. त्यांचे कोण बघतं?"

कुणीच नाही, मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "घेऊन या. तुमच्या नखाला वेळ हाय. त्यांच्या पायाला असंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

आणायचं कसं? माझ्याशी ते बोलत नव्हते आणि डॉक्टरवर त्यांचा विश्वास नव्हता. युक्ती बायकोनं काढली. तिनं आप्पांना सांगितलं, लातूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं देवणी गाय आहे, पुढचा खूर दुखतोय, कुणाला कळेना, तुम्ही एकदा बघून द्या. आप्पा दुसऱ्याच दिवशी धुतलेलं धोतर नेसून निघाले. बारदान्याच्या दुकानाशी थांबून त्यांनी वर बघितलं म्हणे. "गाय पहिल्या मजल्यावर कशी काय चढवली?"

"चढवली कशीतरी," बायको म्हणाली. "तुम्ही वहाणा हातात घ्या."

वर बाई म्हणाल्या, "गाय नंतर. आधी तुम्ही झोपा. तोंड तिकडं, पाय इकडं."

आप्पांच्या डाव्या टाचेखाली जखम होती, खोल, चांगली रुपयाएवढी. साखरेनं तळव्याची जाणीवच गेलेली, त्यामुळं दुखत काहीच नव्हतं. धोतराची चिंधी गुंडाळून, वर वहाण घालून ते महिनोन्‌महिने गोठ्यात ये-जा करत होते. कुणाला सांगितलं नव्हतं. खूर बघणाऱ्या माणसाचाच पाय नासलाय, हे गावाला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. बायकोनं संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा मी माझ्या पायातल्या मोज्यांकडं बघत बसलो.

बाईंनी त्या दिवशी आप्पांना असं काही झापलं की खालच्या दुकानातला हमाल वर बघायला आला. मग स्वतः सोबत जाऊन ओळखीच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडून जखम साफ करून घेतली. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय ठेवता आला नसता, असं त्या डॉक्टरनं सांगितलं. पुढं पट्टी बदलायला आप्पा बाईंकडं येऊ लागले. दर खेपेला जाताना विचारायचे, "गाय दाखवता का?" बाई म्हणायच्या, "चरायला गेलीय."

आता माझं. सून मला दर महिन्याला भेटायची. लेसर नखावर फिरताना आधी ऊब लागते, मग चटका, मग सुई. बाईंना "दुखतंय का" हा प्रश्न आवडायचा नाही, त्याला सगळे पुरुष "नाही" म्हणतात म्हणून. त्या एसटीच्या थांब्यांवर विचारायच्या. लातूरहून निघालो, आता सांगा कुठवर आलात.

"अष्टामोड."

"आता?"

"चाकूर. चाकूर गेलं."

"जरा सबर धरा."

"अहमदपूर. बाई, अहमदपूर आलं."

"लोह्याच्या पुढं जाऊ नका. लोहा आलं की सांगा, गाडी थांबवते."

एकदा मर्दपणा दाखवायला मी गप्प राहिलो आणि थेट नांदेडलाच उतरलो. फोड आला. बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "तुम्हाला मांजरच पायजे होतं."

त्या पावसाळ्यातल्या एका खेपेला मी बाहेर बसलो होतो. आतून बाईंचा आवाज आला, "नांदेडचा अंगठा, इकडं या. पडद्याच्या माझ्या बाजूनं या. बूट ठेवा खाली."

आत गेलो. भोकांतून दोन पाय आलेले. डाव्या टाचेला पट्टी. ते पाय मी ओळखले. मी त्यांना लग्नात वाकून नमस्कार केला होता. पडद्यापलीकडं आप्पा होते.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तेव्हाच मला त्या पहिल्यांदा नीट दिसल्या. साठी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, आणि पायात शाळेतल्या मुलांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, करंगळीच्या जागी कात्रीनं गोल कापलेले. "टाच धरा," हळूच म्हणाल्या. "माझे हात दोनच हायेत."

मी खाली बसलो. टाच तळहातावर घेतली, बोटं घोट्यावर. बाईंनी मिठाच्या पाण्याची बाटली माझ्या दुसऱ्या हातात दिली आणि खुणेनं सांगितलं, ओता. मी सासऱ्यांचा पाय धुवत होतो. पाणी खालच्या तसराळ्यात पडत होतं. पलीकडून आप्पा छताशी बोलत होते, ऐसपैस, मोठ्यानं, जसे गोठ्यात बोलतात.

"बाई, माझा जावई नांदेडला शिकवतो. माणूस चांगला हाय. पण मला पायाला हात लावू देत न्हाई."

"का म्हणून?" बाई म्हणाल्या.

"मी लई विचार केला. लग्न जमवताना त्यांना अंगणात चालवून बघितलं होतं मी, सगळ्यांसमोर. तोच राग धरला असंल त्यांनी. एवढी वर्षं मनात ठेवला अन् मग दाखवला. चूक माझीच हाय. माणसाला बैलावानी चालवून बघू नये. पण सांगू कसं? मीच बोलणं टाकून बसलोय."

माझ्या हातातली बाटली थांबली. माझा नखाचा हिशोब चालू होता आणि हा म्हातारा स्वतःला दोष देत बसला होता. बोलावं म्हणून तोंड उघडलं तर डोळेच वाहायला लागले. बाईंनी माझ्याकडं बघितलं, थेट तोंडाकडं, बहुतेक पहिल्यांदाच. मग कोपऱ्यातला टॉवेल माझ्या अंगावर फेकला.

"तोंड पुसा," कुजबुजल्या. "जखमेत पडंल."

बाहेर आल्यावर मी विचारलं, त्यांना सांगितलं का मी होतो म्हणून. बाई म्हणाल्या, "मी कुणाला काय सांगू? मी तर तोंड बघत न्हाई कुणाचं."

उन्हाळा जवळ आला तसा मी त्यांच्या मागं लागलो. मुळाकडून नवं, गुलाबी नख आलं होतं, पण पुढचं अर्धं अजून पिवळंच. आणखी एकदोन वेळा सून फिरवा, म्हणालो. धोंड्यापर्यंत पूर्ण झालं पाहिजे.

"इल्ला. सुनेचं काम झालं. आता नख आपलं आपण वाढंल."

"मग वरून रंग लावू का? नखाच्या रंगाचा मिळतो."

"लावा की. आप्पा धुताना रंग निघंल, मग तुम्ही काय पळत सुटणार? अर्ध्या नखानं जा." थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांनी अर्धी टाच मला दाखवली. तुम्हाला अर्धं नख दाखवता येईना?"

ती आमची शेवटची भेट. दवाखाना त्यांनी त्यानंतर लगेच बंद केला आणि त्या बिदरला बहिणीकडं राहायला गेल्या. सून कुणा तरुण डॉक्टरकडं नांदायला गेली. वरच्या मजल्यावरही आता बारदाना आहे. त्या दिवशी मी निघताना बाईंनी बाल्कनीतल्या पिंपात हात घालून, मराठवाड्याचे मोजे उलथेपालथे करून, माझे नेमके शोधून काढले आणि हातावर ठेवले. "घालू नका. मांजराला द्या." फी सोडून त्यांना आणखी काही देण्याचा मी प्रयत्न केला असता तर ते त्यांनी पडद्याआडून फेकून मारलं असतं, म्हणून मी नुसता वाकलो. त्या म्हणाल्या, "पाया पडू नका, करंगळी दुखती." एवढाच निरोप. आजही बूट उन्हात ठेवायला गच्चीवर गेलो की मला त्या कापलेल्या कॅनव्हासची आठवण येते, आणि आप्पा स्वतःच्या दोन पायांवर गोठ्यात जातात हे आठवलं की बिदरच्या दिशेला हात जोडावेसे वाटतात. दिशा मला नक्की माहीत आहे. भूगोल आहे माझा.

ज्येष्ठातला अधिक आला. देवणीला गेलो. पुरणाचे धोंडे तळल्याचा वास दारापर्यंत आलेला. पाट, परात, कोमट पाणी, सगळं मागच्यासारखंच. आप्पा हळूहळू खाली बसले, डाव्या पायात मऊ बूट. माझ्याकडं न बघता लेकीला म्हणाले, "मालकाला विचार, यंदा सर्दी हाय का?"

"नाही," मीच म्हणालो आणि उजवा पाय परातीत ठेवला. पायात मोजा नव्हताच, मी नांदेडहून चपलेवर आलो होतो.

आप्पांनी पाय उचलून दाराच्या उजेडाकडं वळवला. अंगठ्यावरून बोट फिरवलं, मुळाकडून टोकाकडं, खूर बघतात तसंच, सावकाश. नव्या आणि जुन्या नखाच्या मधल्या रेघेवर बोट थांबलं. मी डोळे मिटले.

"एवढंच?"

"एवढंच, आप्पा. लाज वाटली. तुम्ही पाय बघून पसंत केलेला जावई मी. चालायला लावल्याचा राग कधीच नव्हता."

"ते कळलं मला. राग धरलेला माणूस पाय धुत न्हाई." त्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली. "लातूरला माझी टाच तुम्हीच धरली होती ना?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"तळव्याला कळत न्हाई, घोट्याला कळतं. बाईचे हात साबणानं खरखरीत. हे मऊ होते, खडूवाल्याचे. म्हणून तर एवढं मोठ्यानं बोललो. मला वाटलं, तिथंच पडद्यातून डोकं काढून खरं काय ते सांगताल. तुम्ही नुसतं पाणी ओतत बसले."

बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मला आधी वाटलं ती रडतेय. नीट बघितल्यावर कळलं.

आप्पांनी दोन्ही पाय धुतले, पंच्यानं बोटांच्या मधली जागासुद्धा कोरडी केली, बाईंनी शिकवली तशी. अंगठ्याला कुंकू लावलं. मग माझ्याकडं मान वर करून बघितलं, बऱ्याच वर्षांनी.

"तेव्हा पाय बघून पोरगी दिली तुम्हाला, जावईबापू. डोकं बघायचं राहूनच गेलं."